सिम्युलेटरवर सीएनसी लेथचे प्रोग्रामिंग कसे शिकावे: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमध्ये मी चार वर्षे साध्या लेथवर काम केले. त्यानंतर त्याच शेडमध्ये दोन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आदेशांवर चालणारे, लेथ आले आणि मालकांनी मला हे काम शिकणार का, असे विचारले. मशीन दिवसरात्र उत्पादनात गुंतलेले असल्यामुळे नवशिक्याने त्यावर सराव करणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून मी त्रिमूर्ती नगरातील भाड्याच्या खोलीत, रात्री जेवण झाल्यावर, जुन्या लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे मशीनची पडद्यावरची नक्कल, चालवून प्रोग्रामिंग शिकलो. शिकताना ज्या ठिकाणी मी अडलो, त्याच ठिकाणी आज माझ्याकडे येणारी आयटीआयची मुलेही अडतात, म्हणून हा सगळा क्रम एकदा नीट लिहून काढत आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. सिम्युलेटर फक्त तुम्ही त्याला सांगितलेल्या गोष्टी तपासतो. कच्च्या मालाचा व्यास, जॉबची (कापायच्या तुकड्याची) चकबाहेरची लांबी (चक म्हणजे जॉब धरून फिरवणारी पकड), जॉचा (चकाच्या जबड्यांचा) आकार, टूलची लांबी या गोष्टी तुम्ही प्रत्यक्षाप्रमाणे भरल्या, तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो. त्या तशाच सोडून दिल्या, तर पडद्यावर प्रोग्राम सुरळीत चालतो आणि मशीनवर टूल चकात जाते.

या लेखात सर्व कोड देवनागरीत लिहिले आहेत. सिम्युलेटरवर आणि मशीनवर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे असतात, म्हणजे जी, एम, एक्स, झेड, टी, एस, एफ ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे.

१. सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

विंडोज असलेला साधा लॅपटॉप पुरतो. बहुतेक सिम्युलेटर विंडोजवरच चालतात आणि द्विमितीय टूल-मार्ग दाखवायला महागडे ग्राफिक कार्ड लागत नाही. त्याशिवाय चौकटींची वही, शिसपेन्सिल, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा व्हर्नियर आणि शक्य असल्यास ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर हाताशी ठेवावा. घरी शिकत असतानाही मापनाची साधने हवीत, कारण ०.०५ मिमी म्हणजे नेमके किती हे बोटांना कळल्याशिवाय प्रोग्राममधील आकड्यांना अर्थ येत नाही.

तुम्ही जो कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) शिकणार आहात त्याचे प्रोग्रामिंग मॅन्युअल मिळवावे. वर्कशॉपमध्ये ते बहुधा इलेक्ट्रिकल पॅनेलच्या आत किंवा सुपरवायझरच्या कपाटात धूळ खात पडलेले असते. परवानगी घेऊन लेथच्या चक्रांचे (एका आदेशात अनेक कट घेणाऱ्या कोडचे) प्रकरण तेवढे झेरॉक्स करून घ्यावे. इन्सर्टच्या (टूलवर बसवायच्या धारदार तुकड्यांच्या) रिकाम्या डब्याही फेकू देऊ नका. कोणत्या धातूसाठी किती कटिंग स्पीड आणि किती फीड (दर फेरीला टूल किती सरकते), हे त्या डबीवरच छापलेले असते.

२. आधी साधा लेथ समजून घ्या

ज्यांनी टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे, त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. इतरांनी निदान आठवडाभर एखाद्या साध्या लेथजवळ उभे राहून फेसिंग, टर्निंग, ग्रूव्हिंग, बोअरिंग, आटे पाडणे आणि पार्टिंग (तयार भाग कापून वेगळा करणे) ही कामे कोणत्या क्रमाने केली जातात, हे पाहावे. आधी फेसिंग का करतात, ड्रिल मारण्यापूर्वी सेंटर का पाडतात, पार्टिंग शेवटी का येते, हे प्रश्न कोडचे नाहीत. त्यांची उत्तरे ज्याला माहीत नाहीत, तो कोड पाठ करूनही प्रोग्राम लिहू शकणार नाही.

३. कंट्रोल कोणता, सिम्युलेटर कोणता

आपल्या भागातील वर्कशॉपमध्ये फॅनक आणि सीमेन्स हे दोन कंट्रोल सर्वाधिक भेटतात. दोन्हीवर जी-कोडच चालतो, पण बोली वेगळी आहे. फॅनकच्या लेथवर, तिथे नेहमी वापरल्या जाणाऱ्या जी-कोड सिस्टिम ए मध्ये, जी ९० हे टर्निंगचे चक्र आहे. सीमेन्सवर तोच जी ९० म्हणजे निरपेक्ष मापन. फॅनकवर जी ७१ म्हणजे रफ टर्निंगचे चक्र. सीमेन्सच्या मूळ बोलीत जी ७१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. म्हणून सुरुवातीचे तीन-चार महिने एकाच कंट्रोलवर राहा. माझा सल्ला फॅनकचा आहे, कारण त्याची पद्धत शिकलेल्याला इतर अनेक कंट्रोल लवकर वाचता येतात.

सिम्युलेटरमध्ये फॅनकचा स्वतःचा एनसी गाईड आहे आणि सीमेन्सचा सिन्युट्रेन आहे. दोन्ही खऱ्या कंट्रोलच्या सर्वांत जवळ जातात. प्रशिक्षण केंद्रांत स्वॉनसॉफ्ट पुष्कळ दिसतो. त्यात फॅनक, सीमेन्स अशा वेगवेगळ्या कंट्रोलची पॅनेले बटणांसकट दिलेली असल्यामुळे हात बसायला तो चांगला आहे. लिनक्ससीएनसी हा मोफत आणि मुक्त-स्रोत आहे, आणि प्रत्यक्ष मशीन न जोडताही त्याचा लेथ पडद्यावर चालवता येतो. मात्र त्यात जी ७६ (आट्यांचे चक्र) लिहिण्याची पद्धत फॅनकहून वेगळी आहे आणि एक्स व्यासाने वाचायचा की त्रिज्येने, हे जी ७ आणि जी ८ या कोडने ठरते. कॅमोटिक्स हाही मोफत आहे, पण तो तीन अक्षांच्या मिलिंगसाठी आहे. लेथ शिकणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये.

कोणी पेन ड्राइव्हमध्ये सॉफ्टवेअरची चोरटी प्रत देऊ केली तर घेऊ नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तीच पेन ड्राइव्ह तुम्ही पुढे मशीनला किंवा कंपनीच्या संगणकाला लावाल, तेव्हा होणाऱ्या नुकसानीला तुम्ही जबाबदार ठराल. मोफत आवृत्ती किंवा मर्यादित मुदतीची चाचणी आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी असते.

४. अक्ष, व्यास आणि शून्य

लेथवर झेड अक्ष स्पिंडलच्या रेषेत असतो आणि एक्स अक्ष त्याला काटकोनात. टूल चकाकडे गेले की झेड कमी होतो, जॉबच्या केंद्राकडे गेले की एक्स कमी होतो. जॉबचे शून्य साधारणपणे तयार जॉबच्या पुढच्या तोंडावर, मध्यरेषेवर घेतात. त्यामुळे धातूच्या आत जाणारी प्रत्येक झेड किंमत ऋण येते. झेडचे ऋण चिन्ह विसरले, तर टूल जॉबपासून लांब हवेत फिरते. ही चूक निरुपद्रवी असते आणि सिम्युलेटरवर लगेच दिसते.

यापुढील तीन चुका मात्र निरुपद्रवी नाहीत.

पहिली चूक दशांश चिन्हाची. फॅनकच्या अनेक मशीनवर ‘एक्स ५०’ असे दशांश चिन्हाशिवाय लिहिले, तर कंट्रोल ते ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५० मिमी असे वाचतो. ५० मिमी व्यासावर थांबायचे असलेले टूल त्यामुळे थेट केंद्राकडे झेपावते. काही सिम्युलेटरमध्ये ही सेटिंग उदार ठेवलेली असते आणि ‘एक्स ५०’ हे ५० मिमी असेच वाचले जाते. पडद्यावर सारे ठीक दिसते आणि अंगवळणी मात्र चुकीची सवय पडते. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘एक्स ५०.०’ असेच लिहा.

दुसरी चूक व्यास आणि त्रिज्या यांची. एक्सची किंमत व्यासाने लिहितात, तिची सापेक्ष जोडीदार यू हीदेखील व्यासानेच. परंतु जी ७१ च्या पहिल्या ओळीतील यू, म्हणजे एका कटची खोली, त्रिज्येने मोजतात आणि त्याच चक्राच्या दुसऱ्या ओळीतील यू, म्हणजे फिनिशिंगसाठी राखलेला माल, पुन्हा व्यासाने. एकाच चक्रात एकाच अक्षराचे दोन अर्थ आहेत. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहून ठेवा.

तिसरी चूक जी ०० ची, म्हणजे न कापता पूर्ण वेगाने केलेल्या हालचालीची. जी ०० मध्ये टूल दोन बिंदूंमधील सरळ रेषेनेच जाईल, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. बऱ्याच मशीनवर दोन्ही अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने निघतात, जो आधी पोहोचतो तो थांबतो आणि मार्ग मध्येच मोडतो. सिम्युलेटर मात्र अनेकदा सरळ रेघ दाखवतो. जॉबजवळ किंवा टेलस्टॉकजवळ असताना एक्स आणि झेड वेगवेगळ्या ओळींत हलवण्याची सवय ठेवली, तर हा धोका उरत नाही.

५. पहिला प्रोग्राम कागदावर लिहा

लॅपटॉप बंद ठेवा. चौकटींच्या वहीवर पुढील जॉब काढा: कच्चा माल ईएन ८ पोलाद, व्यास ५० मिमी. पुढच्या तोंडापासून २५ मिमीपर्यंत व्यास ३०, तोंडावर १ मिमीचा ४५ अंशांचा चँफर (कडेचा तिरपा काप). तिथून ५० मिमीपर्यंत व्यास ४०, त्याच्या पुढच्या कडेला २ मिमी त्रिज्येची गोलाई. चित्र मध्यरेषेच्या वरच्या बाजूचे, म्हणजे अर्धेच काढले तरी चालते. आता तोंडापासून चकाकडे जाताना आकार जिथे जिथे वळतो, तिथे तिथे अनुक्रमांक घाला आणि शेजारी प्रत्येक बिंदूचे एक्स आणि झेड लिहा. हा बिंदूंचा तक्ता हाच खरा प्रोग्राम. पुढचे काम जवळजवळ नकलून घेण्याचे आहे.

फॅनक पद्धतीने तो असा होईल:

ओ ००२१
जी २१ जी ४० जी ९९
जी २८ यू ०.०
जी २८ डब्ल्यू ०.०
टी ०१०१
जी ५० एस १८००
जी ९६ एस १५० एम ०३
जी ०० एक्स ५४.० झेड २.० एम ०८
झेड ०.०
जी ०१ एक्स -१.६ एफ ०.१५
जी ०० झेड २.०
एक्स ५२.०
जी ७१ यू २.० आर ०.५
जी ७१ पी १० क्यू २० यू ०.५ डब्ल्यू ०.१ एफ ०.२५
एन १० जी ०० जी ४२ एक्स २४.०
जी ०१ एक्स ३०.० झेड -१.० एफ ०.१२
झेड -२५.०
एक्स ३६.०
जी ०३ एक्स ४०.० झेड -२७.० आर २.०
जी ०१ झेड -५०.०
एन २० जी ४० एक्स ५२.०
जी ७० पी १० क्यू २०
एम ०९
जी २८ यू ०.०
जी २८ डब्ल्यू ०.०
एम ३०

यात जी २१ म्हणजे मापे मिमीत, जी ४० म्हणजे टोकाच्या त्रिज्येची भरपाई बंद, जी ९९ म्हणजे फीड दर फेरीला, जी २८ म्हणजे मशीनच्या मूळ जागी परत, जी ०१ म्हणजे सरळ कट, जी ०३ म्हणजे गोलाई, जी ७० म्हणजे फिनिशिंगचे चक्र, एम ०३ म्हणजे स्पिंडल चालू, एम ०८ आणि एम ०९ म्हणजे कूलंट चालू आणि बंद, एम ३० म्हणजे प्रोग्राम समाप्त. आता प्रत्येक ओळ अशी का, हे स्वतःला विचारा. परत जाताना आधी यू आणि मग डब्ल्यू (झेडचा सापेक्ष जोडीदार), कारण टूल आधी जॉबपासून वर उचलले गेले पाहिजे. टी ०१०१ मधील पहिले दोन आकडे टूलचा क्रमांक सांगतात, शेवटचे दोन ऑफसेटचा, म्हणजे त्या टूलच्या मापांच्या नोंदीचा. फेसिंग एक्स -१.६ पर्यंत नेले आहे, कारण टूलच्या टोकाची त्रिज्या ०.८ मिमी धरली आहे आणि केंद्रापाशी बारीक टोक शिल्लक राहू नये म्हणून तेवढे पलीकडे जावे लागते. चँफरची सुरुवात एक्स २४.० वर का? चँफरची रेघ झेड ०.० वर एक्स २८.० ला लागते. तीच रेघ ४५ अंशांत हवेत झेड २.० पर्यंत मागे वाढवली की एक्स २४.० येतो. टूल त्यामुळे धातूला लागण्यापूर्वीच योग्य दिशेने चालू लागते. एन १० च्या ओळीत मुद्दाम फक्त एक्स आहे. फॅनकच्या साध्या प्रकारच्या जी ७१ मध्ये त्या ओळीत झेड लिहिला की बहुधा अलार्म येतो.

जी ४२, म्हणजे टोकाच्या त्रिज्येची भरपाई चालू करणारा कोड, याबद्दल थोडे अधिक. इन्सर्टचे टोक कधीच सुईसारखे नसते. सीएनएमजी १२०४०८ या नावातील शेवटचे ०८ म्हणजे टोकाची त्रिज्या ०.८ मिमी. ही त्रिज्या हिशेबात घेतली नाही, तर सरळ व्यास आणि सपाट पायऱ्या बरोबर येतात, परंतु चँफर, टेपर आणि गोलाई चुकतात. त्यासाठी ऑफसेटच्या पानावर आर च्या रकान्यात ०.८ आणि टोकाच्या दिशेच्या रकान्यात बाहेरच्या टर्निंगसाठी ३ भरावे लागते. प्रोग्राममध्ये जी ४२ लिहून ऑफसेटच्या पानावर शून्य ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा कंट्रोल कोणतीही तक्रार करत नाही आणि जॉब मात्र गेजमध्ये बसत नाही.

६. सिम्युलेटरमध्ये चालवताना

कागदावरील प्रोग्राम आता टाइप करा. परंतु चालवण्यापूर्वी कच्चा माल, चक, जॉ आणि टूल यांची मापे भरा. ही पायरी मी स्वतः एकदा सोडली होती, त्याचे काय झाले ते सांगतो.

वरच्यासारखाच पायऱ्यांचा एक शाफ्ट होता. सिम्युलेटरमध्ये जॉब जॉच्या बाहेर ६० मिमी राहील असे मी धरले, कारण सॉफ्टवेअर उघडल्यावर तेच माप आधीपासून भरलेले होते. पडद्यावर तो प्रोग्राम मी वीस वेळा तरी चालवला असेल. वर्कशॉपमधील चकावर मात्र त्या दिवशी खोल पायरीचे जॉ बसवलेले होते आणि जॉब पायरीला टेकवल्यावर केवळ ४६ मिमी बाहेर आला. मी ते मोजले नाही. पहिले काही कट छान निघाले, निळसर चिप वळून खाली पडत होती, आणि टूल झेड -४६ च्या पुढे सरकताच फिरणाऱ्या जॉने त्याला तीन-चार ठोके दिले. इमर्जन्सी दाबेपर्यंत इन्सर्टचे तुकडे झाले होते, होल्डरची बैठक दबली होती आणि एका जॉच्या कोपऱ्यावर नखाएवढी खाच पडली होती. फोरमन काका रागावले नाहीत. चक हाताने फिरवून त्यांनी ती खाच माझ्यासमोर आणली आणि एवढेच विचारले, “बाबू, तुह्या कॉम्प्युटरात हे जॉ दिसते का?”

तेव्हापासून माझा नियम असा आहे की आधी मशीनपाशी जाऊन मापे घ्यायची: जॉची उंची, पायरीची खोली, जॉबची बाहेरची लांबी, होल्डरची टरेटबाहेरची (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याबाहेरची) लांबी, बोअरिंग बार असल्यास त्याचा व्यास. ही मापे सिम्युलेटरमध्ये भरायची आणि मगच प्रोग्राम चालवायचा. सिम्युलेटरमध्ये जॉचा आकार बदलता येत नसेल, तर त्यांच्या तोंडाची झेड किंमत वहीत लिहून प्रोग्राममधील सर्वांत खोल झेडशी स्वतः ताडून पाहायची. तुम्ही घरी शिकत असाल आणि मशीन उपलब्ध नसेल, तर एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून एकदा ही मापे आणा आणि तीच कायम वापरा. सराव खऱ्या मापांवरच झाला पाहिजे.

सिम्युलेटर चालवताना सुरुवातीला सिंगल ब्लॉक (बटण दाबल्यावर एकच ओळ चालवणारी सोय) चालू ठेवा. बटण दाबण्यापूर्वी पुढच्या ओळीत टूल कुठे जाईल, हे बोटाने पडद्यावर दाखवा आणि मग बटण दाबा. अंदाज चुकला की तिथेच थांबून कारण शोधा. जी ७१ चा पहिला कट कोणत्या व्यासावर येईल? टूल एक्स ५२.० वर आहे, यू २.० त्रिज्येने आहे, म्हणून एक्स ४८.० वर. असे उत्तर चालवण्यापूर्वी देता आले पाहिजे. नुसते ‘सायकल स्टार्ट’ दाबून चित्रपटासारखे पाहत बसल्याने काही येत नाही.

त्यानंतर मुद्दाम चुका करा. एक दशांश चिन्ह काढा, जी ०३ च्या जागी जी ०२ लिहा, गोलाईची त्रिज्या बदला, ऑफसेटचा क्रमांक चुकीचा टाका. प्रत्येक चुकीनंतर काय दिसले, अलार्म आला की नुसता आकार बिघडला, हे वहीत नोंदवा. ज्या चुकांना अलार्म येत नाही, त्यांची यादी वेगळी ठेवा. मशीनवर त्यांच्यापासूनच सर्वाधिक सांभाळायचे असते.

७. वेग आणि फीड

स्पिंडलच्या फेऱ्यांचे सूत्र सोपे आहे: कटिंग स्पीडला १००० ने गुणा आणि पाय गुणिले व्यासाने भागा. कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला, तर ५० मिमी व्यासावर साधारण ९५५ आरपीएम येतात, ३० मिमीवर १५९२ आणि १० मिमीवर ४७७५. जी ९६ हा हिशेब क्षणोक्षणी स्वतः करतो. फेसिंग करताना व्यास शून्याकडे जातो, तेव्हा हे सूत्र अमर्याद वेग मागते. म्हणून जी ५० एस १८०० लिहून मर्यादा घालावी लागते. वरच्या प्रोग्राममध्ये सुमारे २६.५ मिमीपेक्षा लहान व्यासावर वेग १८०० वरच थांबेल. जी ५० विसरलेला प्रोग्राम सिम्युलेटर शांतपणे चालवतो. खऱ्या मशीनवर मात्र वाकडातिकडा किंवा सैल धरलेला जॉब त्या वेगाला चकातून निसटू शकतो. जीवावर बेतणारी ही चूक आहे, म्हणून जी ९६ च्या आधी जी ५० आहे की नाही, हे प्रत्येक प्रोग्राममध्ये बोट ठेवून पाहा.

फीडबद्दल एवढे लक्षात ठेवा की फिनिशिंगमध्ये पृष्ठभागावर राहणाऱ्या रेघांची उंची फीडच्या वर्गावर अवलंबून असते: फीडचा वर्ग भागिले टोकाच्या त्रिज्येची आठपट. ०.८ मिमी टोकाने ०.२ फीड दिला, तर ही उंची सुमारे ६ मायक्रॉन येते, ०.१ दिला तर दीड मायक्रॉनच्या आसपास. फीड निम्मा केला की खडबडीतपणा चौथाईवर येतो.

८. आटे पाडणे

आट्यांसाठी थेट जी ७६ वर उडी घेऊ नका. आधी जी ९२ ने पाडा, कारण त्यात प्रत्येक पासचा व्यास तुम्ही स्वतः लिहिता. एम २० गुणिले १.५ च्या बाहेरच्या आट्याची खोली पिचच्या (दोन आट्यांमधील अंतराच्या) ०.६१३ पट, म्हणजे ०.९२ मिमी धरतात. तळाचा व्यास २० वजा १.८४, म्हणजे १८.१६. पास असे घेता येतील: १९.४, १९.०, १८.७, १८.४, १८.२५ आणि १८.१६. खोल जाताना टूलवरचा भार वाढतो, म्हणून प्रत्येक पास मागच्यापेक्षा कमी किंवा फार तर तेवढाच. हे एकदा हाताने केले की जी ७६ मधील पी आणि क्यू काय सांगतात, ते आपोआप कळते.

आट्यांसाठी वेग नेहमी जी ९७ मध्ये, ठरावीक आरपीएमवर ठेवा. सुरुवात जॉबच्या तोंडापासून निदान तीन पिच अलीकडून करा, कारण अक्षाला वेग पकडायला अंतर लागते. नाहीतर पहिले एक-दोन आटे पिचमध्ये चुकतात आणि नट सुरुवातीलाच अडतो. सिम्युलेटर हा दोष दाखवत नाही. आटे पडत असताना फीड ओव्हरराइडचा उपयोग होत नाही आणि फीड होल्ड दाबला तरी टूल त्याच क्षणी थांबेल असे नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

९. सिम्युलेटरला न दिसणाऱ्या गोष्टी

सिम्युलेटरमधील धातू वाकत नाही, थरथरत नाही आणि तापत नाही. बारीक लांब जॉब टूलच्या दाबाने मधोमध वाकतो आणि तिथे व्यास मोठा येतो. चिप तुटली नाही तर ती जॉबभोवती गुंडाळते आणि चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे काढते. कूलंटचा नळ भलतीकडे वळलेला असतो. या गोष्टी मशीनपाशी उभे राहूनच शिकाव्या लागतात.

उष्णतेचा मुद्दा नागपुरात विशेष महत्त्वाचा आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांजवळ असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहवत नाही. पोलाद तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढते. ४० मिमी व्यासाचा जॉब कापल्यानंतर ३० अंशांनी तापलेला असेल, तर तो सुमारे १४ मायक्रॉनने मोठा भरतो. ४० मिमीवर एच ७ शाफ्टची एकूण टॉलरन्स (मापातील मान्य फरक) २५ मायक्रॉनची असते, म्हणजे तिच्यातील अर्ध्याहून अधिक वाटा या उष्णतेनेच खाल्ला. गरम जॉब मोजून कोणी वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेसाठीची दुरुस्ती) कमी केला, तर पुढचे जॉब थंड झाल्यावर मापाखाली जातात आणि चूक कुठे झाली, हे कोणालाच उमगत नाही. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला येईपर्यंत दोन्ही सपाट लोखंडी प्लेटवर शेजारी ठेवा, मग मोजा. आमच्याकडे त्यासाठी एक जुनी सरफेस प्लेट दारापासून दूर, सावलीत ठेवलेली आहे.

१०. मशीनवरचा पहिला जॉब

प्रोग्राम मशीनमध्ये घेतल्यावर आधी कंट्रोलचाच ग्राफिक पाहा, मग मशीन लॉक करून किंवा जॉब न लावता ड्राय रन (न कापता चाचणी) करा. मशीन लॉकनंतर अक्षांची स्थिती कंट्रोलच्या हिशेबाशी जुळत नसण्याची शक्यता असते, म्हणून पुन्हा रेफरन्स (मशीनची मूळ जागा) घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर जॉब लावा, सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड ओव्हरराइड सर्वांत खाली, एक हात फीड होल्डवर. टूल जॉबजवळ आले की थांबवा आणि पडद्यावरील ‘डिस्टन्स टू गो’ वाचा. टूल आणि जॉब यांमध्ये डोळ्यांना दिसणारे अंतर त्या आकड्याशी जुळते का? पडद्यावर ३० मिमी जायचे बाकी दिसत असेल आणि प्रत्यक्षात जागा १० मिमीच असेल, तर ऑफसेट चुकला आहे. हा एकच तपास मला आजवर सर्वाधिक वेळा वाचवत आला आहे.

पहिल्या जॉबसाठी वेअर ऑफसेटमध्ये एक्स ला ०.३ मिमी वाढवून ठेवा, म्हणजे जॉब मुद्दाम मोठा निघेल. मोजा, फरक काढा, वेअर दुरुस्त करा आणि फिनिशिंग पुन्हा चालवा. व्यास ३०.०६ आला आणि ३०.०० हवा असेल, तर वेअर आणखी ०.०६ ने कमी करायचा. इथे पुन्हा निम्मे करण्याची गरज नाही, कारण एक्स व्यासाने चालतो. चक फिरत असताना मोजू नका, हातमोजे घालून मशीनजवळ जाऊ नका, आणि चिप काढायला हुक वापरा.

११. क्लास, अप्रेंटिसशिप आणि कागदपत्रे

फी भरून क्लास लावायचा असेल, तर आधी तीन प्रश्न विचारा: प्रत्यक्ष मशीनवर प्रत्येकाला किती तास मिळतील, एका मशीनमागे किती विद्यार्थी असतात, आणि कंट्रोल कोणता. उत्तर टाळले गेले तर दुसरीकडे बघा. माझे काही पैसे एका क्लासमध्ये असेच गेले, जिथे तीन महिन्यांत मशीनचे दार दोनदाच उघडले.

प्रत्यक्ष अनुभवासाठी अप्रेंटिसशिप हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळते आणि केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करता येते. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, आयटीआय किंवा डिप्लोमाचे प्रमाणपत्र, बँकेचे पासबुक आणि फोटो यांच्या स्कॅन प्रती तयार ठेवा. आधारवरील आणि गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः एकसारखे आहे की नाही, हे आधी तपासा. आडनावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षरामुळे माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अर्ज दोन महिने अडकून पडला होता. हिंगण्याबरोबरच बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीतही चौकशी करा. हिंगण्याला जाण्यासाठी आता सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे, पुढे शेअर ऑटोने जाता येते.

मुलाखतीला जाताना सोबत वही न्या. त्यात निदान दहा जॉबची चित्रे, बिंदूंचे तक्ते, प्रोग्राम आणि प्रत्येकाची सेटअप शीट असावी: कच्चा माल, जॉबची बाहेरची लांबी, शून्य कुठे घेतले, टूलचा क्रमांक, इन्सर्टचे नाव, टोकाची त्रिज्या. मुद्दाम केलेल्या चुकांची पानेही काढून टाकू नका. माझ्या मुलाखतीत प्रॉडक्शन मॅनेजरांनी नीटनेटके प्रोग्राम भराभर उलटले आणि चुकांच्या यादीपाशी थांबून, यातील कोणत्या चुकीला मशीन अलार्म देत नाही, असे विचारले. त्यानंतर त्यांनी माझ्या हातात मायक्रोमीटर आणि एक पिन दिली आणि माप सांगायला लावले.